महासत्ता थेट लढत नाहीत, मग भांडतात कशा? कारंज्याच्या बाजारातून एक उत्तर

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरकडच्या एका गावातल्या अभ्यासिकेतून पोरांनी प्रश्न पाठवलाय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, पण घरी बहुतेकांचं सोयाबीनच. प्रश्न असा: "अमेरिका आणि रशिया चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते, आता अमेरिका आणि चीन बसलेत. तरी समोरासमोर युद्ध पुकारलं नाही. मग हे भांडतात तरी कसे? आणि सोयाबीन पडलं की यार्डात सगळे म्हणतात, 'वर भांडण लागलंय'. ते भांडण हेच का?"

हो, हेच.

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. कारंज्याच्या बाजारात कापूस आणि सोयाबीनच्या खरेदीत माझी हयात गेली. सकाळी शिकागोच्या वायदेबाजारातला सोयाबीनचा, मलेशियातला पामतेलाचा आणि डॉलरचा भाव बघायचा, त्यावरून आपली पेंड बंदरावर कितीला पडेल याचा हिशेब करायचा आणि मग हर्राशीत म्हणजे लिलावात बोली लावायची, हा धंदा. पाऊसपाणी चांगलं असतानाही हा हिशेब कोसळायचा, आणि शोध घेतला की वॉशिंग्टन किंवा बीजिंगमधला एखादा निर्णय सापडायचा. ही भांडणं मी पोटासाठी शिकलो, म्हणून माझं उत्तर पुस्तकापेक्षा जरा वेगळ्या अंगाने जाईल.

थेट लढाई का नाही, याचं उत्तर अणुबॉम्ब. ते तुमच्या नोट्समध्ये असेलच, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकले तेव्हा तो दुसऱ्या कोणाकडे नव्हता. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत रशियाने चाचणी केली आणि ती मक्तेदारी संपली. १९८६ च्या सुमाराला जगात सगळी मिळून सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती. एकाने पहिला वार केला तरी दुसऱ्याकडे उलटून मारण्यापुरती शिल्लक राहणारच. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातीही राखच. हे दोघांना कळल्याने वैर काही मिटलं नाही, त्याने वाट बदलली.

धुऱ्याची म्हणजे बांधाची भांडणं तुम्ही पाहिली आहेत. कुऱ्हाड काढली तर दोघंही जेलात आणि दोन्ही वावरं पडीक, हे दोघांना ठाऊक असतं. म्हणून मग पांदण अडवायची, त्याचा सालदार चार पैसे जास्त देऊन फोडायचा, सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्या विरोधकाला पैसा पुरवायचा. महासत्ताही हेच करतात, फक्त त्यांच्या पांदणी समुद्रातून जातात.

या भांडणात काही न लिहिलेले नियम असतात आणि ते पाळण्यासाठी दोघंही मोठी कसरत करतात. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमानं घेऊन अमेरिकी विमानांशी प्रत्यक्ष लढत होते. त्यांच्या अंगावर चिनी गणवेश होते, आणि रेडिओवर चिनी शब्दच वापरायचे असा हुकूम होता. जीव मुठीत घेऊन लढताना माणूस आपल्याच भाषेत ओरडतो, त्यामुळे अमेरिकेला हे कळायला वेळ लागला नाही. पण अमेरिकेनेही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर घरचे लोक म्हणाले असते, "मग रशियाला उत्तर द्या." म्हणून दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, गुपित सांभाळलं.

क्यूबाचं प्रकरण तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता, त्यातल्या दोन गोष्टी नीट बघा. रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवली म्हणून ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाभोवती युद्धनौका लावताना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'नाकेबंदी' म्हटलं नाही, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. त्यांनी त्याला 'क्वारंटाइन' म्हटलं. आणि रशियाने क्षेपणास्त्रं मागे घेतली ती फुकटात नाही. अमेरिकेनेही तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं आणि पुढच्या वर्षी काढली. जगापुढे एकाचा विजय, आतून देवाणघेवाण. पुढे १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट संपर्काची तार जोडली गेली. सिनेमात दाखवतात तो लाल फोन तिथे नव्हता, टेलिप्रिंटर होता. बोलण्यात रागाचा सूर येतो, लिहिताना माणूस शब्द तोलतो. जाता जाता, १९६२ च्या त्याच ऑक्टोबरात २० तारखेला चीनने आपल्यावर हल्ला केला होता आणि जगाचं लक्ष क्यूबाकडे होतं.

गलवानमध्ये १५ जून २०२० ला आपले २० जवान गेले ते चिनी सैनिकांशी दगड आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांच्या मारामारीत. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असा १९९६ चा करार आहे. दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक एकविसाव्या शतकात दांडक्यांनी लढले. युक्रेनमध्येही तेच. अमेरिकेने शस्त्रं दिली, पण पायरीपायरीने: २०२२ मध्ये रॉकेट, २०२३ मध्ये रणगाडे, २०२४ मध्ये अमेरिकेच्या संमतीने युरोपीय देशांकडून एफ-१६ विमानं. आणि अमेरिकी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं रशियाच्या आत डागायला परवानगी मिळाली ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. प्रत्येक पायरीवर समोरचा काय करतो ते बघायचं, मगच पुढची.

तिसऱ्याच्या घरात लढायचं, ही त्यांची सगळ्यात घाणेरडी पद्धत. व्हिएतनाममध्ये अमेरिका स्वतः उतरली आणि रशिया-चीनने समोरच्याला शस्त्रं पुरवली. अफगाणिस्तानात डिसेंबर १९७९ ला रशिया उतरला आणि अमेरिकेने मुजाहिदीनांना पुरवली. दोन्हीकडे महासत्ता हात हलवत परत गेली आणि मेले ते तिथले शेतकरी. 'शीतयुद्ध' हे नाव वॉशिंग्टन-मॉस्कोपुरतं खरं आहे. एकट्या कोरियात वीस लाखांहून जास्त माणसं गेली.

दिखाव्याची स्पर्धा त्या मानाने निरुपद्रवी. १९५७ चा रशियाचा स्पुटनिक उपग्रह, १९६९ चं चंद्रावरचं पाऊल, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेचा बहिष्कार आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसवर रशियाचा. आपल्या भागात ही स्पर्धा वह्यांवर दिसायची. 'सोव्हिएत देश' नावाचं गुळगुळीत कागदाचं मासिक अगदी स्वस्तात यायचं. ते किती जणांनी वाचलं माहीत नाही, पण त्याची कव्हरं आमच्या पिढीच्या वह्यापुस्तकांना होती. अमेरिकेचं 'स्पॅन' पण यायचं.

मदतही याच खात्यात मोडते. रशियाच्या मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. गोंदिया-भंडाऱ्याच्या कितीतरी घरांत पहिला पक्का पगार त्या कारखान्यातून आला. दुसरीकडे अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली १९५६ पासून आपल्याकडे गहू येऊ लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण त्या गव्हावर पुरते अवलंबून असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी तो महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. आपलं शेतीचं धोरण बदलावं हा एक हेतू होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करतो हा रागही होता. दिल्लीत लोक त्याला 'जहाजातून थेट तोंडात' म्हणायचे, कारण गोदामात काही उरतच नव्हतं. पण त्याचा परिणाम काय झाला ते बघा. भारताने मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणलं, संकरित ज्वारी लावली. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि हायब्रीड ज्वारी गावोगाव पोचवायला त्यांनी जिवाचं रान केलं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली हे खरं, पण त्या दशकातच धान्यासाठी कोणापुढे हात पसरायची पाळी सरत आली. दोरी आवळल्यावर आपण दोरीच कापायला शिकलो.

मला तुम्हाला सांगायचंय ते इथेच आहे. बाजाराचं हत्यार एकदा उपसलं की समोरचा त्याच्यावाचून जगायला शिकतो. पहिल्या वाराला ते जोरात लागतं, दुसऱ्या वेळी बोथट झालेलं असतं. आणि मधल्या काळात तिसऱ्याच कोणाची तरी चांदी होते.

याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्याच वऱ्हाडात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी हिशेब केला: आपण कापूस अडवला की इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील, मजूर रस्त्यावर येतील आणि ब्रिटन झक मारत आपल्या बाजूने उभं राहील. म्हणून त्यांनी सुरुवातीला आपणहून कापूस रोखला. पुढे उत्तरेच्या आरमाराने बंदरंच बंद केली. गिरण्या खरंच बंद पडल्या, मजूर उपाशी राहिले, पण ब्रिटन काही युद्धात उतरलं नाही. ते इजिप्त आणि हिंदुस्थानाकडे वळलं.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. आता त्याला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आले. व्हाइसरॉय खामगावला कशाला आला असेल, सांगा! कापसाला. पण मधेच १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आले. मुंबईतल्या शेअर बाजाराचा फुगा फुटला, तिथल्या पेढ्या बुडाल्या. इकडे वऱ्हाडात रूळ तर आले होते, कापसाची गोडीही लागली होती, ज्वारीखालची जमीन कापसाखाली जात राहिली आणि भाव मात्र आता इंग्लंडमधला लिव्हरपूलचा कापूसबाजार ठरवू लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडची काय दैना झाली ते म्हातारी माणसं सांगायची. दुसऱ्याच्या भांडणात आपली चांदी झाली, पण भांडण मिटल्यावर आपल्या हाती काय राहील याचा विचार कोणी केलाच नव्हता. करणार कोण होतं म्हणा, राज्य इंग्रजांचं.

आता सोयाबीन. हा धागा जरा लांब आहे, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्यातच आहे.

१९७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या समुद्रात मासळीचा दुष्काळ पडला. या मासळीचा चुरा जगभर जनावरांना आणि कोंबड्यांना घालायचे. त्याची जागा सोयापेंडीने घेतली आणि अमेरिकेत सोयाबीन भडकलं. घरची महागाई आवरायला अध्यक्ष निक्सन यांनी २७ जून १९७३ ला सोयाबीनची निर्यात बंद केली. बंदी फार काळ टिकली नाही, पण जपान हादरला. जपानचं टोफू, मिसो, सगळं अमेरिकेच्या सोयाबीनवर. मित्रदेशाने असं केलं तर उद्या काय, म्हणून जपानी सरकार ब्राझीलकडे गेलं. ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा प्रचंड माळ आहे. जमीन आंबट, अ‍ॅल्युमिनियमने भरलेली, तिथे काही पिकत नाही असं लोक समजत. ब्राझीलने १९७३ मध्येच एम्ब्रापा ही कृषी संशोधन संस्था उभी केली होती. चुना घालून जमीन सुधारायची, उष्ण भागात येणारी वाणं काढायची, हे काम तिने केलं. जपानने १९७९ पासून तिथल्या शेतकरी वसाहतींना पैसा पुरवला. आज ब्राझील वर्षाला १५ कोटी टनांहून जास्त सोयाबीन काढतो. अमेरिका मागे पडली. काही आठवड्यांच्या बंदीने स्वतःचा कायमचा स्पर्धक उभा केला, असा धंद्यातला आतबट्ट्याचा व्यवहार मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतरही शहाणपण आलं नाही. रशिया अफगाणिस्तानात घुसला म्हणून अध्यक्ष कार्टर यांनी ४ जानेवारी १९८० ला रशियाला जाणारं १ कोटी ७० लाख टन धान्य थांबवलं. रशियाने अर्जेंटिनाकडून घेतलं, थोडे पैसे जास्त मोजले. अमेरिकेत शेतकरी चिडला, आणि रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्ये बंदी उठवली. रशियन फौजा अफगाणिस्तानात १९८९ पर्यंत होत्या.

मग २०१८. अमेरिकेने चिनी मालावर कर लावला आणि ६ जुलै २०१८ ला चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर बसवला. सोयाबीनच का निवडलं? कारण ते पिकतं आयोवा, इलिनॉय या भागात, जिथे ट्रम्प यांचा मतदार शेतकरी मोठ्या संख्येने आहे. बंदुकीशिवाय नेम धरायचा तो असा. २०१७ मध्ये अमेरिकेने चीनला सुमारे १२ अब्ज डॉलरचं सोयाबीन विकलं होतं, २०१८ मध्ये ते ३ अब्जांवर आलं. शिकागोचा भाव दहा वर्षांच्या तळाला गेला. अमेरिकी सरकारने आपल्या शेतकऱ्यांना आधी १२ आणि मग १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. आणि चीनला माल कोणी दिला? त्याच सेराडोने.

त्या पावसाळ्यात आपल्या यार्डात हवा पसरली होती की आता चीन भारतात येणार. हवेला आधारही होता: चीनने १ जुलै २०१८ पासून भारतासह काही आशियाई देशांच्या सोयाबीनवरचा ३ टक्के कर शून्य केला होता. लोकांनी माल धरून ठेवला. पण साधं गणित करा. चीन तेव्हा वर्षाला नऊ-दहा कोटी टन सोयाबीन आयात करायचा. आपलं पूर्ण देशाचं पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास, तेही बहुतेक इथेच गाळलं जातं. एक क्विंटल गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड. आपण बाहेर विकतो ती पेंड, आणि आपल्या पेंडीला चीनने २०१२ च्या सुमारासच गुणवत्तेचं कारण सांगून दार लावलेलं होतं. ते आलेच नाहीत.

उलट आपल्याला मार बसला तो दुसऱ्याच बाजूने. इराण आपल्या सोयापेंडीचा मोठा गिऱ्हाईक होता. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे डॉलरमध्ये व्यवहार होत नव्हता, म्हणून आपण इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत इथल्याच एका सरकारी बँकेत भरायचो आणि इराण त्या रुपयांतून आपली पेंड, तांदूळ, चहा घ्यायचा. छान चाललं होतं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने, निर्बंध असूनही इराणचं तेल घ्यायची भारताला दिलेली सवलत बंद केली, भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं आणि त्या खात्यात नवे रुपये येईनात. खातं आटलं तसा पेंडीचा खरेदीदारही मागे सरला. भांडण अमेरिका-इराणचं, अणुकार्यक्रमाचं, आणि कारंज्यात बोली उतरली. इथे कोणी गोळी झाडली नव्हती, फक्त एक सवलत वाढवली गेली नव्हती.

२०२५ मध्ये हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावर कर वाढवत वाढवत १४५ टक्क्यांवर नेला, चीनने १२५ वर. चीनने उन्हाळ्यापासून अमेरिकेचं नवं सोयाबीन घेणंच बंद केलं. सप्टेंबरमध्ये तिकडून एक दाणाही गेला नाही. ३० ऑक्टोबरला ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियात भेटले आणि पुन्हा खरेदीचं ठरलं. पण या वेळी चीनला घाई नव्हती. २०१८ ने त्याला सवय लावली होती.

आता चीनच्या हातातलं हत्यार बघा. दुर्मिळ मृदा म्हणजे रेअर अर्थ, ज्यांच्यापासून मोटरमधलं ताकदीचं चुंबक बनतं. जगातलं त्यांचं शुद्धीकरण ९० टक्क्यांच्या आसपास चीनमध्ये होतं. २०१० मध्ये एका बेटावरच्या वादात चीनने जपानला हा माल अडवला. जपानने सोयाबीनच्या वेळी केलं तेच केलं: ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसे घातले, चुंबकात कमी माल वापरायला शिकला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने पुन्हा सात प्रकारच्या रेअर अर्थवर परवाना लावला तेव्हा आपल्याकडच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यांची चुंबकाविना तारांबळ उडाली. अमेरिकेनेही ७ ऑक्टोबर २०२२ ला चीनला अत्याधुनिक चिप आणि त्या बनवायची यंत्रं देणं बंद केलं. वर्ष पुरतं व्हायच्या आत, ऑगस्ट २०२३ मध्ये, हुवावे या चिनी कंपनीने चीनमध्येच बनलेल्या चिपचा फोन बाजारात आणला. तो सर्वोत्तम होता असं नाही, पण कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. चिपच्या बाबतीत अमेरिकेचं हत्यार अजून बऱ्यापैकी धारदार आहे, हे मी मान्य करतो. ती यंत्रं बनवणं सोयाबीन पेरण्याइतकं सोपं नाही. तरी दिशा तीच.

पैशाचं हत्यार सगळ्यात जालीम. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. बाकीच्या देशांच्या मध्यवर्ती बँका सावध झाल्या: आज त्याची, उद्या आपली. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी त्यांनी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे सोनं दहा ग्रॅमला लाखाला टेकलं. लग्नसराईत मुलीच्या बापाने अकोल्याच्या सराफ्यात जे मोजले, त्यातले काही रुपये या भांडणाचे होते. सगळे नव्हे; सोनं चढायला आणखीही कारणं असतात.

कापसाकडे येतो, कारण पश्चिम विदर्भाला २०२५ मध्ये सगळ्यात जास्त इथेच चटका बसला. मार्चमध्ये चीनने अमेरिकी कापसावर १५ टक्के जादा कर लावला, म्हणून अमेरिकेच्या गाठी दुसरं गिऱ्हाईक शोधू लागल्या. तिकडे भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावरचा कर २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेला. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, पुढे तो तिसऱ्या हिश्श्यावर गेला होता. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. हा कर येणार हे दिसताच कापड निर्यातदार अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस निघायच्या हंगामात. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि खेडा खरेदीवाला त्याच्या कितीतरी खाली मागत होता. मॉस्को-वॉशिंग्टनच्या वैराचा शेवटचा हप्ता यवतमाळच्या माणसाने भरला, असं मी म्हणतो ते या साखळीवरून. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती, पण तिची किंमत कोणावर टाकायची हा निर्णय दिल्लीचा होता, आणि तो बरोबर होता असं मला वाटत नाही.

"मग आपण ब्राझील का होत नाही?" हे तुमच्यापैकी कोणी ना कोणी विचारेलच. ब्राझीलला संधी मिळाली तेव्हा त्याच्याकडे संशोधन होतं, जमीन होती आणि कोणीतरी पैसा घेऊन दारात उभं होतं. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी दहा-अकरा क्विंटलवर अडलंय, तिथे तीस-पस्तीस येतं. शिवाय चीन आलाच असता तरी द्यायला माल नव्हता. आपली जमेची बाजू एकच: आपलं सोयाबीन जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं नाही, आणि युरोपातले काही खरेदीदार त्याचे जास्त पैसे देतात. तेवढ्यावर देशाचं पीक उभं राहत नाही, पण त्याचा उपयोग आपण करायला हवा तेवढाही करत नाही.

आता घरच्यांच्या उपयोगाचं. आपला माल निघतो तेव्हाच अमेरिकेचाही निघतो, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर या काळात चीन अमेरिकेकडून घेतोय की नाही याची बातमी बघा. घेत नसेल तर शिकागो खाली आणि त्याची झळ आपल्या पेंडीला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझीलचं पीक उतरतं, तेव्हा जागतिक भाव सहसा वर जात नाही. 'मार्चपर्यंत धरून ठेवू' म्हणणाऱ्याने ते लक्षात ठेवावं. खाद्यतेलाचा आणि कापसाचा आयात कर अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने रातोरात बदलतो, त्याला संसदेची वाट बघावी लागत नाही. खताचंही तसंच: चीनने २०२१ पासून फॉस्फेट खताची निर्यात हातात ठेवली आहे, म्हणून डीएपी खताची चुंगडी (पोतं) कागदावर १,३५० ला असते आणि पेरणीच्या आठवड्यात कृषी केंद्रात नसते, पर्यायी खत मे महिन्यातच बघून ठेवा. आणि कापसाची हमीभावाने खरेदी आता 'कपास किसान' अ‍ॅपवरच्या नोंदणीने होते. घरी म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. अभ्यासिकेत मोबाइल घेऊन बसताच आहात, तर गावातल्या नोंदण्या मुदतीआधी तुम्हीच करून द्या. त्यासाठी सात-बारावर कापसाचा पीकपेरा चढलेला लागतो, तो आधी तलाठ्याकडे तपासून घ्या.